चिमूटभर लोकर

मंगळवार, २ एप्रिल १९७४

आज घरी पोचले. चार महिने ही वही उघडली नव्हती, त्याची आधी कबुली. दैनंदिनी लिहायची सवय आजोबांनी लावली. आम्हा मॉर्मन पंथाच्या लोकांत सगळ्यांनाच लिहायला सांगतात, पण आजोबांचे स्वतःचे दोन नियम होते. खोटं लिहायचं नाही. आणि घरच्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नाही, कारण पुढे नातवंडं वाचतात. दोन्ही नियम एकदम पाळता येतात का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

आईच्या पत्रात तीनच ओळी होत्या. बाबा घोड्यावरून पडले, डावा खुबा मोडला. मेंढ्या व्यायला आल्या आहेत. आर्डिस, तू ये. मी चालू सत्र सोडून आले. डीनबाई म्हणाल्या, पंधरा सप्टेंबरपर्यंत तुझी जागा राखून ठेवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ती पायरी पुन्हा चढायला मिळेल ना, ही धास्ती बसमध्ये बसल्यापासून मनात आहे.

बाबा ओसरीवर खुर्चीत होते, कुबड्या कठड्याला टेकवलेल्या. म्हणाले, "आली का मास्तरीण." ओसरीच्या तीन पायऱ्यासुद्धा त्यांना उतरता येत नाहीत, असं आई म्हणाली. 

शुक्रवार, ५ एप्रिल

बाबांनी आज ठरवून टाकलं. जेवताना म्हणाले, "मेंढ्यांचं तुझी आई बघेल. तू म्हातारीचं बघ."

म्हातारी म्हणजे मागच्या घळीत राहणारी एक कायोटी मादी, लांडग्याच्या जातीचं पण त्याहून लहान जनावर. गेल्या वर्षी तिने एकटीने एकतीस कोकरं नेली. सरकारने विष घालायला बंदी केल्यापासून तिला कुणी हात लावू शकलेलं नाही.

"मला सापळे लावता येत नाहीत, बाबा."

"वाचता येतं ना? मग हेही येईल. हे बघ पोरी, सौदा सरळ आहे. म्हातारी मार आणि जा. मी स्वतः तुला बसपर्यंत सोडायला येईन, रांगत यावं लागलं तरी."

आईने मान खाली घालून बटाटे वाढले. मी तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा बाबा चिडले. "माझा शब्द म्हणजे तुला काय वाटलं?" मला लाज वाटली. बापाच्या शब्दाची अशी खात्री करून घेणं बरं नव्हे.

मंगळवार, ९ एप्रिल

ओरिनमामा आला होता. आईचा थोरला भाऊ. आयुष्यभर सापळेच लावले त्याने. आता सहा मैलांवर एका जुन्या गाडीघरात एकटा राहतो, फोनसुद्धा नाही. रविवारी कधीकधी बाबांना सोंगट्या खेळायला घेऊन जातो. दोघे एकमेकांना सतत टोचून बोलतात, पण एकमेकांवाचून त्यांचं चालतही नाही.

बाबा ओसरीवरून हुकूम सोडत होते, मामा हातात धरून शिकवत होता. सापळे आधी सेजच्या, म्हणजे इथल्या उग्र वासाच्या रानझुडपाच्या, पाल्यात उकळायचे, म्हणजे लोखंडाचा वास जातो. मग मेणात बुडवायचे. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. घळीत गेल्यावर ताडपत्रीचा तुकडा अंथरून त्यावर गुडघे टेकायचे, उठताना माती सारवायची. सापळा मातीत पुरायचा आणि त्याच्या मधल्या थाळीखाली चिमूटभर लोकर ठेवायची, म्हणजे थाळीखाली माती जात नाही आणि पाय पडला की थाळी खाली बसते.

"चिमूटभर," मामाने बोटं दाखवली. "जास्त कोंबलीस तर थाळी दबणारच नाही. वर हत्ती नाचला तरी सापळा मिटायचा नाही."

सापळ्यापाशी लावायचा वास बाबांनी स्वतः बनवलेला आहे. मागच्या शेडमध्ये काचेच्या बरणीत दोन उन्हाळे कुजवलेले मासे, मारलेल्या कायोटींच्या ग्रंथी, त्यांचंच मूत. झाकण उघडलं आणि मी बाहेर जाऊन ओकले. मामा पोट धरून हसला. "अगं, आमिष निराळं आणि वास निराळा. आमिष पोटासाठी. वास नाकासाठी. पोट भरलेली कायोटी आमिषाकडे बघत नाही, पण वासाला येते. काय आहे ते कळल्याशिवाय तिला राहवत नाही ना. तुझ्यासारखीच. शिकलेली."

बाबाही हसले. मीही हसले.

शनिवार, १३ एप्रिल

पहिली कायोटी मिळाली. म्हातारी नव्हे, एक वर्षाचा नर. पुढचा पाय सापळ्यात. मी जवळ गेले तसा तो पोटावर सपाट झाला आणि कान पाडून माझ्याकडे बघत राहिला, घरच्या कुत्र्यासारखा.

बाबांनी सांगून ठेवलं होतं, गोळी वाया घालवायची नाही, कातडं बिघडतं. काठीने नाकावर एक, मग छातीवर पाय देऊन उभं राहायचं. माझा पहिला घाव कानावर बसला, दुसरा दातांवर. चौथा नीट बसला. छातीवर उभी राहिले तेव्हा बुटाच्या तळाखाली ठोके लागत होते. ठोके थांबल्यावरही मी बराच वेळ तशीच उभी होते, थांबले याची खात्री नव्हती म्हणून. रडत होते हेही लिहिते, कारण ते खरं आहे.

घरी आणून ओसरीसमोर ठेवला.  बाबा म्हणाले, "येऊन अकरा दिवसांत? लवकर शिकलीस." मला वाटलं होतं ते खूश होतील.

उद्या रविवार, आमचा शब्बाथ. त्या दिवशी काम करायचं नसतं, म्हणून आम्ही सापळ्यांकडे जात नाही. मी विचारलं, मग दर शनिवारी संध्याकाळी सापळे मिटवून येऊ का? नाहीतर अडकलेलं जनावर सोमवारपर्यंत तसंच राहील.

"कायोटी काय शब्बाथ पाळते? लागलेले राहू देत. जाऊ नको म्हटलंय, लावू नको म्हटलेलं नाही."

पटलं नाही. पण धर्माचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सोमवार, २२ एप्रिल

नऊ दिवसांत काही नाही. म्हातारीची पावलं सापळ्याच्या अगदी वर आहेत. थाळीवरच तिचा पाय पडलेला स्पष्ट दिसतो, पण सापळा उघडाच. उकरून पाहिलं तर थाळीखाली लोकर गच्च. मी इतकी घातली होती? चिमूटभरच घातल्याचं आठवतं. पण आठवतं ते खरंच असतं असं नाही. मी घाईत होते.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "वाचून वाचून हाताची जाण जाते माणसाची."

काल रात्री आणखी दोन कोकरं गेली.

सोमवार, २९ एप्रिल

पुन्हा तेच, तीन सापळ्यांत. तिन्हींत लोकर ठासलेली.

बाबांनी आईला गावातून कुबड्यांच्या टोकांची नवी रबरी टोपणं आणायला सांगितली होती, ती मी आज आणली. जुनी पार झिजून गेली होती. ओसरीच्या फळ्या इतक्या खडबडीत आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं. तिथे जुनी सतरंजी घालायला हवी.

शनिवार, ४ मे

मी वेडी होतेय का, हे पाहायचं ठरवलं होतं. मंगळवारी लोकरीच्या आठ सारख्या चिमट्या करून औषधाच्या डबीत घेतल्या. आठ सापळे, आठ चिमट्या. घरी आले तेव्हा डबी रिकामी. म्हणजे प्रत्येकात एकच गेली. आज उकरून पाहिलं तर दोन सापळ्यांत मूठ मूठ लोकर. आणि ती तपकिरी. माझी पांढरी होती.

सापळ्याजवळच्या मातीत एक गोल ठसा दिसला, औषधाच्या बाटलीचं तोंड दाबावं तेवढा. थोड्या अंतरावर तसाच दुसरा. बिज्जूही सापळे उकरतो म्हणतात, पण त्याचं पाऊल असं नसतं. मामाला विचारायला हवं.

मी झोपेत उठून जाते की काय? रात्री बुटांच्या नाड्यांना गाठी मारून ठेवायला लागले आहे. सकाळी गाठी तशाच असतात. त्यानेही बरं वाटत नाही.

बुधवार, ८ मे

बटण म्हणजे मी बाटलीने वाढवलेलं कोकरू. त्याची आई व्यायताना गेली, म्हणून महिनाभर माझ्याच पायांत असतं. कपाळावर काळा ठिपका आहे.

सकाळी बाबा म्हणाले, "नुसत्या वासाने ती अडकत नाही ना? मग जिवंत बांध. तुझं ते पिल्लू ओरडतंय छान."

"बटण नको, बाबा. दुसरं घ्या."

"दुसऱ्यांना आया आहेत. याला कोण आहे? तूच. आणि तू तर जाणार आहेस." मग हळू आवाजात, "जायचंय ना?"

घळीच्या तोंडाशी खुंटी मारून त्याला बांधलं. भोवती चार सापळे, कुठूनही आली तरी एकावर पाय पडेल असे. चारही पुन्हा पुन्हा तपासले. थाळ्या बोटाने दाबून पाहिल्या, हलकी दाबली तरी बसते. आईने न सांगता बाटली भरून दिली होती. त्याने सगळं दूध प्यायलं, आणि मी निघाले तसं ते दोरी ताणून ओरडायला लागलं. घरापर्यंत ऐकू येत होतं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "ऐक, काय गळा आहे!"

गुरुवार, ९ मे

खुंटीला दोरी आणि गळ्यातला पट्टा. पट्ट्याला काही चिकटलेलं होतं ते लिहीत नाही. पोटाचा भाग खाऊन बाकी टाकलं होतं. कपाळ शाबूत होतं.

म्हातारी चारांपैकी दोन सापळ्यांवर उभी राहून जेवली. चारही सापळे उघडे. चारही थाळ्यांखाली तपकिरी लोकर.

मी स्वतः दाबून पाहिल्या होत्या. हे मी शपथेवर लिहू शकते. पण मग कोणी?

बाबांसमोर रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "जाऊ दे गं. सगळ्यांनाच जमतं असं नाही. इथे तुला कोण काही म्हणतंय का? राहा निवांत." त्यांचा हात ऊबदार होता. इतकी माया करतात आणि माझ्याकडून एवढंसं काम होत नाही.

मंगळवार, १४ मे

मामा आला. बाबा आत झोपले होते. मी त्याला घळीत नेलं आणि सगळं सांगितलं. लोकर, रंग, गोल ठसे. म्हटलं, "मामा, माझं डोकं फिरलंय का?"

तो उकिडवा बसून ठसे बघत राहिला. एकावर बोट ठेवलं. मग पुढचा, मग त्यापुढचा. ते घराच्या दिशेने गेले होते, हे मला त्याच्या नजरेमागून जाताना प्रथमच दिसलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"डोकं ठिकाणावर आहे तुझं. सापळे उकरणारं जनावर असतं एखादं, वस्ताद. त्याला एकच औषध. दुसरा सापळा."

"कुठे?"

"ते उकरताना जिथे उभं राहतं तिथे. याला वास नाही, आमिष नाही, काही नाही. आंधळा सापळा. वस्ताद जनावराचं सगळं लक्ष पहिल्यावर असतं, दुसऱ्यावर नसतं." त्याने स्वतः जागा दाखवली. बरोबर गोल ठशावर. "इथे. अगदी इथेच."

"म्हातारीचा पाय इथे पडतो?"

"लाव तू."

जाताना म्हणाला, "बापाला सांगू नकोस हं. म्हणेल, ओरिनने शिकवलं." मग गाडीत बसता बसता, "मास्तरीणबाई, कॉलेज किती तारखेला उघडतं म्हणालीस?"

मी सांगितलं. त्याने मान डोलावली.

गुरुवार, १६ मे

आंधळा सापळा लावला. बाबांनी विचारलं, आज एवढा वेळ का लागला? मी म्हटलं, माती कडक होती. माती कडक होतीच. पण हे पूर्ण खरं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

रविवार, १९ मे

सकाळी आई आणि मी चर्चला. बाबा नेहमीसारखे ओसरीवर. दुपारी लोआमावशीकडे जेवलो, संध्याकाळची सभा करून सातला परत आलो.

बाबा घरी नाहीत. कुबड्याही नाहीत. खुर्चीवर अर्धा प्यालेला पाण्याचा ग्लास.

हाका मारल्या, शेड बघितली, संडास बघितला. आई म्हणाली, "ओरिनने नेलं असेल सोंगट्या खेळायला. येईल सकाळी." तिचा आवाज सरळ नव्हता. मी म्हटलं, घळीकडे बघून येऊ? ती म्हणाली, "तीन पायऱ्या न उतरणारा माणूस घळीत कशाला जाईल?" खरंच आहे. मामाकडे जाऊन बघू का म्हटलं, तर म्हणाली, शब्बाथ आहे, आणि गाडीत पेट्रोल कमी आहे.

लिहिताना घळीतून काहीतरी ओरडतंय. घोगरं, तुटक. मघापासून थांबून थांबून येतंय. सापळ्यात काहीतरी आलंय नक्की. देवा, म्हातारीच असू दे. आत्ता जाऊन बघावं असं सारखं वाटतं, पण वाटतंय ते दयेने की लोभाने, हे मला ठरवता येत नाही. दया असती तर गेले असते. लोभच असावा. म्हणून जात नाही. खिडकी लावून घेतली.

मंगळवार, २१ मे

काल लिहिता आलं नाही. घडलं तसं लिहिते.

सोमवारी उजाडताच घळीत गेले. बाबा पहिल्या सापळ्याजवळ पालथे पडले होते. आंधळ्या सापळ्यात त्यांची एक कुबडी अडकली होती. ती अडकताच तोल गेला असणार आणि हात टेकायला गेले तो उजवा हात थेट मुख्य सापळ्यात. मिटलेला. बरोबर मिटलेला. दुसरी कुबडी दोन वावांवर. खुबा पुन्हा मोडलेला. तो सापळा उघडायला दोन्ही स्प्रिंगांवर पाय देऊन उभं राहावं लागतं. त्यांना उभं राहता येत नव्हतं. रविवार सकाळपासून.

जिवंत होते. ओठ फुटलेले. मला बघून म्हणाले, "किती वेळ लावलास."

मी दोन्ही स्प्रिंगांवर उभी राहिले. हात बाहेर आला. बोटं माझ्या ओळखीची नव्हती.

वीस पावलांवर म्हातारीच्या पावलांचे ठसे होते, आणि बसल्याची जागा, गवत दबलेलं. बाबा म्हणाले, "रात्रभर बसली होती. बघत." मग म्हणाले, "मी ओरडलो. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

मी म्हटलं, वारा होता.

वारा नव्हता.

त्यांची डावी मूठ घट्ट होती. उचलताना ती सोडवावी लागली. आत लोकर होती, तपकिरी. मी ती काढून माझ्या खिशात घातली आणि आईला हाक मारायला घरी पळाले. आईने ते कुठे सापडले, तिथे का गेले, काहीच विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांना तिने सांगितलं, "पोरीला मदत करायला गेले होते. सापळे नीट लागलेत का बघायला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आजोबांचा दुसरा नियम मला पाठ आहे.

रविवार, २ जून

उजव्या हाताची तीन बोटं काढली. खुब्यात धातूची पट्टी घातली आहे. आता कुबड्याही नाहीत, चाकाची खुर्ची.

मामा दवाखान्याच्या बाहेर गाडीत बसून होता. आत आला नाही. मी खिडकीशी गेले तर म्हणाला, "मला वाटलं काठी अडकेल. नुसती काठी. हसं होईल, लाजेल, तुला सोडेल." आणि मोठ्या माणसाने रडू नये तसा रडला. मी त्याला म्हटलं, मामा, तू काय बोलतोस ते मला कळत नाही.

हे खोटं बोलले. पहिल्या नियमासाठी लिहून ठेवते.

रविवारी ओरडणं ऐकू आलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी गेले असते तर बोटं वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते 'कुणीतरी गेलं असतं तर' म्हणाले.

सगळे सापळे काढून आणले आणि शेडमध्ये टांगले.

रविवार, ११ ऑगस्ट

दिवस सारखे जातात, म्हणून लिहीत नाही. सकाळी बाबांना उचलते, आई पाय धरते. दाढी मी करते. यंदा मेंढ्या डोंगरावर नेल्या नाहीत, न्यायला कुणी नव्हतं.

बाबांनी आज विचारलं, "तुझं कॉलेज कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"म्हातारी अजून आहे," ते म्हणाले. एवढंच.

शनिवार, १४ सप्टेंबर

डीनबाईंना पत्र लिहिलं. दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा तीनच ओळी लिहिल्या. वडिलांना अपघात झाला. घरी कुणी नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. टपालाच्या डब्यात टाकलं आणि तिथेच उभी राहिले, हात आत जाऊन परत काढता येतो का बघत. जात नाही.

घरी आले तर मेंढ्यांच्या वाड्याबाहेर एक कोकरू पोट फाडून टाकलेलं. पाच महिन्यांचं, चांगलं मोठं.

संध्याकाळी शेडमधून एक सापळा काढला. सेजमध्ये उकळला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

काल दुपारी सापळा लावला, घळीच्या तोंडाशी, बटणची खुंटी होती तिथेच. एकच सापळा. बरणीतला तोच वास, काडीच्या टोकाएवढा. थाळीखाली चिमूटभर लोकर.

आज सकाळी म्हातारी त्यात होती. पहिल्याच रात्री.

मला वाटलं होतं ती मोठी असेल. लहानशी, हाडकुळी, थोबाडावर पांढरे केस, खालचे दात झिजलेले. मला बघून ओढाताण केली नाही. बसली आणि बघत राहिली, त्या रात्री बाबांकडे बसून बघत होती तशीच असणार. मी नाकावर एकच घाव घातला आणि छातीवर उभी राहिले. मागच्या वेळेसारखं रडू येईल म्हणून थांबले. आलं नाही. ठोके थांबल्यावर लगेच खाली उतरले.

मग सापळा उकरून थाळीखाली पाहिलं. चिमूटभर लोकर, पांढरी, मी ठेवली होती तशी.

म्हातारीला ओढत आणून ओसरीसमोर ठेवलं. आई दारात आली, बघितलं, आणि एप्रनच्या टोकाने तोंड पुसत आत गेली. बाबा खुर्चीतून वाकून बघत होते. सकाळच्या न्याहारीची वेळ होती, म्हणून मी हात धुऊन त्यांच्यासाठी पावाला लोणी लावायला घेतलं. त्यांना डाव्या हाताने सुरी धरता येत नाही.

ते म्हणाले, "मिळाली तर."

"हो."

"सांगितलं होतं ना, जमेल म्हणून."

मी पावाचे बारीक तुकडे केले, त्यांना घास घेता येईल एवढे.

"शब्द म्हणजे शब्द," बाबा म्हणाले. त्यांनी राहिलेल्या दोन बोटांनी ताटली स्वतःकडे ओढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग मी सरकवली. "आता तू जाऊ शकतेस."